जॅझ आणि रॉकचे रिइश्यू: सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि माझी उत्तरं

दर गणपतीत आमच्याकडे आरती झाली, प्रसाद वाटून झाला की कोणीतरी प्लेट हातात धरून शेल्फपाशी जातंच, आणि मोदकाच्या तुपाचे हात तसेच ठेवून एखादी रेकॉर्ड बाहेर ओढून विचारतं, "हे सगळं अजून वाजतं?" वाजतं. पुढचे प्रश्नही दरवर्षी साधारण तेच असतात, म्हणून यंदा लिहूनच काढलं. मी काही एक्स्पर्ट वगैरे नाही. गोरेगावात टू बीएचकेत राहतो, एक आख्खी भिंत रेकॉर्ड-सीडींनी अडवलीये आणि त्यावरून घरात बोलणी खातो, एवढंच क्वालिफिकेशन.

रिइश्यू म्हणजे डुप्लिकेट माल का?

नाही हो. जुनं रेकॉर्डिंग कंपनीने पुन्हा छापून काढलं की तो रिइश्यू. पण पुन्हा छापताना काय काय केलं त्यावर सगळा खेळ आहे. मी लोकांना पोळीचं उदाहरण देतो. मूळ मास्टर टेप म्हणजे गहू, मास्टरिंग म्हणजे दळण, प्रेसिंग म्हणजे लाटणं-भाजणं. गहू उत्तम असून दळण जाडंभरडं आलं तर पोळी फसणार, आणि गहूच किडका असेल तर जगातली भारी गिरणी आणली तरी काय उपयोग. तेव्हा रिइश्यू हातात आला की कव्हरवरचा सोनेरी स्टिकर बघू नका, तीन गोष्टी शोधा: कुठल्या टेपवरून काढलाय, मास्टरिंग कोणी केलंय, छापलाय कुठे. चांगल्या कंपन्या हे मागे स्वच्छ लिहितात. जिथे काहीच लिहिलेलं नाही तिथे मी तरी समजून जातो.

रिमास्टर आणि रिमिक्स एकच ना?

अजिबात नाही, आणि दुकानदारसुद्धा यात गोंधळ घालतात. रिमास्टर म्हणजे तयार झालेलं गाणं घेऊन त्याचा एकूण टोन, लेव्हल नीट करणं. रिमिक्स म्हणजे ड्रम, गिटार, आवाज ज्या वेगवेगळ्या ट्रॅकवर आहेत तिथपर्यंत मागे जाऊन भाजी परत फोडणीला टाकणं. बीटल्सचा २००९ चा सेट रिमास्टर होता, २०१७ चा सार्जंट पेपर हा जाइल्स मार्टिनने केलेला रिमिक्स. २०२२ च्या रिव्हॉल्व्हरमधे तर त्याहून पुढची गंमत, एकाच ट्रॅकवर चिकटून बसलेली वाद्यं कॉम्प्युटरने सोडवून वेगळी केली. स्टीव्हन विल्सन नावाच्या माणसाने किंग क्रिमसन, जेथ्रो टल, येस यांचे असेच रिमिक्स केलेत आणि त्यातले बरेच मला मूळ मिक्सपेक्षा आवडतात, हे बोललो की जुने लोक चिडतात.

जुनं ते सोनं, मग ओरिजिनल पहिलं प्रेसिंगच का घेऊ नये?

पैसे असतील तर घ्या की. पण "ओरिजिनल म्हणजे सगळ्यात चांगलं" हे खरं नाही याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे जॅझ ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचा काइंड ऑफ ब्लू हा अल्बम. १९५९ सालच्या २ मार्चला न्यूयॉर्कमधे कोलंबियाच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत पहिलं सेशन झालं तेव्हा मास्टर मशीन किंचित हळू फिरत होतं. टेप हळू फिरत भरली आणि नंतर बरोबर स्पीडला वाजवली तर सूर चढणार. म्हणजे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी थोडी चढ्या सुरात वाजतात. त्याच वेळी बॅकअपसाठी दुसरं मशीन चालू होतं ते मात्र बरोबर होतं, पण त्या टेपवरून दुरुस्ती झाली ती थेट १९९२ च्या रिइश्यूत. म्हणजे तेहेतीस वर्षं लोक रेकॉर्डसोबत सॅक्स वाजवायला बसले की आपलंच वाद्य उतरलंय असं समजून डोकं खाजवत असणार! तर हजारो डॉलरचं पहिलं प्रेसिंग घेतलंत तरी पहिली बाजू बेसूरच, आणि नंतरचा साधा रिइश्यू सुरात.

उलटंही होतं, तेही सांगतो. लेड झेपलिनच्या दुसऱ्या अल्बमचं १९६९ चं अमेरिकन प्रेसिंग, रॉबर्ट लुडविगने कापलेलं (कापणं म्हणजे टेपवरचा आवाज खाचेच्या रूपात कोरणं, त्यावरूनच पुढे रेकॉर्ड छापतात), रेकॉर्डच्या आतल्या गुळगुळीत पट्टीवर आर एल अशी खरड असलेलं, ते ऐकलं की कळतं ओरिजिनलसाठी लोक वेडे का होतात. मी एकदाच ऐकलंय, कुलाब्यात एकांच्या घरी. बेस येतो तो पोटात येतो. त्या काळच्या स्वस्त प्लेअरांवर सुई उडायला लागली म्हणून कंपनीने ते कटिंग मागे घेऊन सौम्य काढलं, असं सांगतात.

१८० ग्रॅम म्हणजे आवाज चांगला?

नाही, म्हणजे रेकॉर्ड जड. बास.

"प्युअर ॲनालॉग" लिहिलंय, विश्वास ठेवायचा का?

लिहिणारा कोण ते बघून. २०२२ मधे मोबाइल फिडेलिटी या कंपनीवरून केवढा धुरळा उडाला होता, लोक समजत होते थेट टेपवरून कापतात, आणि निघालं काय तर बऱ्याच रेकॉर्ड्समधे मधली एक पायरी डिजिटल होती. कोर्टकचेरी झाली. पण माझ्या मते त्यातली खरी मजा वेगळीच आहे, की तोपर्यंत याच रेकॉर्ड्सना ॲनालॉगचा कळस म्हणून डोक्यावर घेणारे कानसेन कमी नव्हते आणि एकालाही ऐकून ओळखता आलं नव्हतं! फसवणूक झाली ती शब्दांची, आवाज चांगलाच होता आणि आजही आहे. मी माझ्या दोन विकल्या नाहीत. पूर्ण ॲनालॉग हवंच असेल तर २०१४ चा बीटल्सचा मोनो बॉक्स डोळे मिटून घ्या, मिळाला आणि परवडला तर.

जॅझमधे सुरुवात कुठून करू?

ब्लू नोट. १९३९ पासूनचं लेबल, आणि त्यांचे रिइश्यू सध्या इतके चांगले निघतायत की जुन्याच्या मागे लागायची गरजच नाही. त्यांचा इंजिनियर रूडी व्हॅन गेल्डर हा दिवसा चष्म्याचे नंबर काढायचा आणि सुरुवातीला आईवडलांच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा. विचार करा, न्यू जर्सीतल्या एका घरच्या हॉलमधे सोफे सरकवून हे सगळं भरलंय आणि आपण म्हणतो आपल्या हॉलमधे स्पीकरला जागा नाही.

२०१९ पासून टोन पोएट नावाची सिरीज आहे, केव्हिन ग्रे मूळ टेपवरून कापतो, जाड चकचकीत कव्हर, महाग. त्यांचीच क्लासिक व्हायनल सिरीज बरीच स्वस्त आहे, कटिंग पुन्हा केव्हिन ग्रेचंच. पहिल्यांदा घेणाऱ्याने स्वस्तवाली घ्यावी, उरलेल्या पैशात चांगली सुई घ्यावी. ओरिजिनल जॅझ क्लासिक्स नावाची दुसरी एक सिरीजही २०२३ पासून नव्याने येतेय. सॅक्सवाल्या जॉन कोल्ट्रेनचा अ लव्ह सुप्रीम कधीतरी घ्यालच, पण पहिल्याच आठवड्यात नको. मी तसं केलं आणि वर्षभर जॅझला घाबरून होतो.

फक्त एक खबरदारी. युरोपात १९६३ च्या आधी प्रकाशित झालेल्या रेकॉर्डिंगचा कॉपीराइट संपलाय, त्यामुळे तिथली काही लेबलं कोणालाही न विचारता पन्नाशीच्या दशकातलं जॅझ छापतात, बेकायदा नाही, पण मूळ टेप त्यांच्याकडे नसते, बऱ्याचदा सीडीवरूनच रेकॉर्ड काढलेली असते. दिसायला सुंदर, किंमत निम्मी, वर दोन बोनस गाणी. शिळ्या पोळीचा चिवडा. वाईट नसतो चिवडा, पण पोळीच्या भावात घेऊ नका.

या सगळ्याचा मुंबईशी काय संबंध? इंग्रजी लोकांचं संगीत ते.

हा प्रश्न मला फार आवडतो, दर वर्षी आमचे एक काका विचारतात.

तर काका, १९६८ च्या जानेवारीत जॉर्ज हॅरिसन इथे आपल्या फोर्टात, एचएमव्हीच्या स्टुडिओत येऊन रेकॉर्डिंग करून गेला. वंडरवॉल म्युझिक हा त्याचा अल्बम, बीटल्सपैकी कोणाचाही पहिला सोलो अल्बम. शिवकुमार शर्मा वाजवतायत त्यात. स्टिरिओ मशीन मुंबईत नव्हतं म्हणून कलकत्त्याहून आणलं. स्टुडिओ ऑफिसांच्या वर आणि साउंडप्रूफिंगच्या नावाने बोंब, साडेपाचला ऑफिसं सुटली की जिन्यावर पायांचा असा धडधडाट व्हायचा की रेकॉर्डिंग थांबवायला लागायचं, हे हॅरिसननेच सांगितलंय, आणि कान देऊन ऐकलं तर खालच्या टॅक्सी ऐकू येतात म्हणे. मी हेडफोन लावून दोन रात्री शोधल्यात. एकदा वाटलं सापडली, पण ती आमच्याच सोसायटीच्या गेटवरची रिक्षा होती.

चार वर्षांनी, १९७२ मधे, लेड झेपलिनचे पेज आणि प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन आपली दोन गाणी पुन्हा रेकॉर्ड केली आणि टेप घेऊन गेले. ती अधिकृतपणे बाहेर आली २०१५ साली, कोडा या अल्बमच्या रिइश्यूत. म्हणजे त्रेचाळीस वर्षं आपल्या शहराचं एक रेकॉर्डिंग कुठल्यातरी कपाटात पडून होतं आणि रिइश्यू निघाला नसता तर नीट ऐकायला मिळालंच नसतं. आमच्या टर्नटेबलवर तबल्याची ती थाप आली की मला दरवेळी "अरे हे तर आपलं" असं होतं. रिइश्यूवर मी पैसे का उडवतो याचं माझ्याकडे हेच उत्तर आहे.

आणि जॅझ तर इथे त्याच्याही आधीचं. तीसच्या दशकात ताजमधे लिऑन ॲबी, टेडी वेदरफर्ड असे अमेरिकन काळे वादक वाजवत होते, त्यांच्याकडून गोव्याच्या पोरांनी उचललं, आणि तीच पोरं पुढे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात. चिक चॉकलेट म्हणजे ॲन्टोनियो झेवियर वाझ, ट्रम्पेटवाला. आपल्या सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या अलबेलामधे तो बॅंडसकट पडद्यावर दिसतो. शंकर-जयकिशनने १९६८ मधे रईस खानांची सतार घेऊन रागा जॅझ स्टाइल नावाची एलपी काढली होती, तिचे रिइश्यू निघालेत, ती मिळाली तर सोडू नका. १९७८ ला धोबीतलावच्या रंगभवनात जॅझ यात्रा हा महोत्सव पहिल्यांदा झाला तेव्हा सॅक्सवाला सॉनी रॉलिन्स येऊन वाजवून गेला. रंगभवन आता आवाजाच्या नियमांमुळे बंद, तिथून गेलं की वाईट वाटतं.

मुंबईत घ्यायचं कुठे?

ऱ्हिदम हाऊस हे जुनं रेकॉर्डचं दुकान २०१६ मधे बंद झालं, आता काळा घोड्याला गेलं की नुसता चुटपुटतो. चोरबाजारात मटण स्ट्रीटला अजून जुन्या रेकॉर्ड मिळतात, पण तिथे रिइश्यू कमी आणि घासाघीस जास्त. नवीन सीलबंद हवं असेल तर माहीमला रिव्हॉल्व्हर क्लब आहे, शिवाय ऑनलाइन. चोरबाजारात कव्हर बघून पैसे देऊ नका, रेकॉर्ड बाहेर काढून उजेडात तिरकी धरून बघा, लेबल वाचा. मी एकदा जॅझ पियानोवाल्या डेव्ह ब्रूबेकचं कव्हर बघून खुशीत पैसे मोजले, घरी येऊन बघतो तर आत इंग्रजी शिकवायची रेकॉर्ड. "धिस इज अ टेबल." अजून आहे माझ्याकडे, पोरगी लहान असताना हट्टाने तीच लावायला सांगायची.

जुन्या डमडमच्या रेकॉर्ड कशा असतात?

बीटल्स, पिंक फ्लॉइड वगैरे आपल्याकडे कलकत्त्याजवळ डमडमच्या फॅक्टरीत छापले जायचे. नशिबाचा खेळ आहे. काही प्रती भन्नाट, काहींत पापड भाजल्यासारखा आवाज. त्यातही आपल्याकडे कोणत्या सुईने वाजवल्या असतील देव जाणे. भिंतीवर लावायला, आठवण म्हणून छान. ऐकायला त्याच किमतीत नवा रिइश्यू बरा.

बाहेरून मागवू का?

मागवा, पण एकेक नको, चार मित्र मिळून एकत्र मागवा म्हणजे शिपिंग वाटलं जातं. कस्टम ड्युटी धरूनच हिशोब करा, दारात कुरिअरवाला उभा असताना करू नका. आणि विकणाऱ्याला सांगा की रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून वेगळी ठेव, नाहीतर वाटेत आपटून कव्हरच्या कडा आतून फाटतात.

तो सूटकेससारखा गोंडस प्लेअर चालेल का?

चालतो, म्हणूनच प्रॉब्लेम आहे. चांगल्या टर्नटेबलची सुई दीड-दोन ग्रॅम वजनाने टेकते, यातल्या बऱ्याच पाच ग्रॅम किंवा जास्त. तीन हजारांची रेकॉर्ड त्यावर घासायची म्हणजे पैठणी ब्रशने धुण्यासारखं. साधा पण सुईचं वजन ॲडजस्ट करता येणारा टर्नटेबल घ्या. नातेवाइकांनी अमेरिकेतून जुना आणला असेल तर आधी व्होल्टेज बघा, ११० चा असला तर ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०, त्यामुळे जुन्या मोटरींचा स्पीड इथे कमी पडतो. ब्रूबेक एकदम विलंबित लयीत. बेल्ट, सुया, पुली यासाठी लॅमिंग्टन रोडला जा.

लावलं पण आवाज अगदीच बारीक आणि कुरकुरा येतोय?

फोनो प्री-ॲम्प नाहीये मधे. बघा, ॲम्प्लिफायरला फोनो असं लिहिलेलं भोक आहे का. नसेल तर छोटा डबा वेगळा मिळतो.

पावसाळ्यात काय करता?

रडतो. जुलैत कव्हरला पांढरी बुरशी येते, आतल्या कागदाला तो ओल्या गोधडीचा वास, आणि एकदा रेकॉर्डच्या खाचेत बुरशी बसली की टिकटिक सुरू. माझे उपाय असे: रेकॉर्ड बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवत नाही, शेल्फ मागून चार बोटं सुटा. सगळ्या उभ्या, कधीच आडव्या थप्पीत नाहीत. आतला कागद काढून प्लास्टिकचं अस्तर असलेली पाकिटं. बाहेरचं कव्हर जाड, मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीचं असेल तर ते आधी फेकून द्या, आपल्या दमट हवेत महिनोनमहिने त्यात राहिलं की रेकॉर्डवर धुरकट पट्टा पडतो आणि तो कशानेही जात नाही. पियानोवाल्या बिल एव्हान्सची माझी एक रेकॉर्ड अशीच गेली, कव्हर चांगलं राहावं म्हणून मीच हौसेने घातलेलं. सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो, आई त्या पापडाच्या डब्यात पळवते.

धुवायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ मायक्रोफायबर, गोल फिरवत, आडवं नाही. नळाचं पाणी नको. मिनिटाला ७८ फेऱ्यांवर वाजणारी जुनी लाखेची रेकॉर्ड असेल तर तिला स्पिरिट-अल्कोहोल चुकूनही लावू नका, लाख विरघळते.

उन्हाळा काही कमी नाही. मे महिन्यात मित्राच्या गाडीत मागच्या काचेखाली पिशवी ठेवून आम्ही तासभर जेवायला गेलो, परत आलो तर एक रेकॉर्ड साबुदाण्याच्या पापडासारखी वर आलेली.

लोकलने आणता येते का?

दुपारी बारा ते चार. विरार फास्टला संध्याकाळी आणायची असेल तर पोटाशी धरून, पुठ्ठ्यांच्या मधे, आणि रॅकवर ठेवायची नाही कारण वर कोणीतरी जेवणाच्या डब्याची बॅग टाकणारच.

सीडी आता बाद झाली ना?

उलट माझं मत की सध्या सगळ्यात शहाणी खरेदी सीडीचीच आहे. बुरशी नाही, सुई नाही, जॅझचे बॉक्स सेट एलपीच्या एक चतुर्थांश किमतीत. फक्त रॉकचे नव्वदीनंतरचे काही रिमास्टर बघून घ्या, आवाज मोठा करायच्या नादात सगळं एका लेव्हलला दाबलंय, हळू आणि जोरात यातला फरकच गायब. सगळ्याच पदार्थांना एकच गोडा मसाला. ऐंशीच्या दशकातल्या जुन्या सीडी कधीकधी जास्त मोकळ्या वाजतात.

बॉक्स सेटमधे एकाच गाण्याचे चौदा टेक कोण ऐकतं?

टेक म्हणजे तेच गाणं स्टुडिओत पुन्हा वाजवून भरलेलं, आणि रॉकचे मीही एकदाच ऐकतो. जॅझचे मात्र ऐकतो, कारण तिथे दुसरा टेक म्हणजे वेगळंच गाणं, आपल्याकडे एकच बंदिश भीमसेनजींनी पुण्यात वेगळी आणि दादरला वेगळी गायली तसं. आणि कधी घबाड निघतं. कोल्ट्रेनचं १९६३ च्या मार्चचं एक आख्खं सेशन असंच, कंपनीची टेप नाहीशी झालेली, पण त्याने एक कॉपी बायकोकडे, नाइमाकडे, घरी नेऊन दिली होती म्हणून वाचली आणि २०१८ मधे अल्बम होऊन आली.

गुंतवणूक म्हणून कसं?

एफडी करा.

एखादी ऐकायला घरी नेऊ का, दोन दिवसांत परत आणतो?

नाही. रविवारी चारनंतर घरी या, चहा मिळेल, पाहिजे ती लावू. बेसिन आत डाव्या हाताला आहे.